आठवा डबा

निसार झारेकऱ्याला हसताना बघितलेला माणूस कोल्हापुरात शोधून सापडला नसता. गुजरीतले सोनार पैजा लावून थकले. "निसारभाई, दात हाईत न्हवं तोंडात?" असं कुणी विचारलं की तो तोंड उघडून दात दाखवायचा आणि परत मिटायचा. झालं, संपला विषय.

धंदाही तसलाच, मान खाली घालून करायचा. गुजरीत दिवसभर सोन्याचांदीला कानस लागते, कण उडतो, जमिनीवर पडतो. तो केर झाडून आणायचा, धुवायचा, गाळायचा, भट्टीत घालायचा आणि चार लोकांच्या पायाखालच्या मातीतनं चांदीची गोळी काढायची. बाप हेच करत गेला, आजा हेच करत गेला. केर म्हणजे केर असं ज्याला वाटतं त्यानं झारेकऱ्याच्या दारात एक दिवस बसून बघावं.

साठ सालाच्या सुमाराला या केरात एक नवीन भर पडली. सिनेमाची जुनी रिळं! पडद्यावर नाचून-नाचून झिजलेली, भंगारात वजनावर निघालेली. त्या पट्टीवरचं चित्र चांदीचं असतं हो, खरीखुरी चांदी. गुऱ्हाळातली एक जुनी काहिल निसारनं अंगणात मांडली होती. तिच्यात कडक सोड्याचं पाणी उकळायचं, रीळ सोडायचं, दांडक्यानं ढवळायचं. चित्र सुटून पाण्यात येतं, गाळ खाली बसतो. गाळ वाळवून जाळला की मुशीत चांदी. मागं उरते ती कोरी पट्टी. ती दोरीवर वाळत घालायची आणि टिकल्यांच्या डब्या करणाऱ्याला द्यायची, झाकणांसाठी.

किती राजे, किती राण्या आणि किती मिशीवाले खलनायक निसारनं त्या काहिलीत शिजवले, गणती नाही. एकाच्याही तोंडाकडे त्यानं बघितलं नाही. कसायानं बकऱ्याचं नाव विचारू नये, असं तो म्हणायचा.

बघायचा तो करीम. निसारचा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा करीम चौथीत होता. निसारनं त्याला खांद्यावर बसवून मोहरमचे पंजे दाखवले, पुढच्या शाळेत घातला, शाळेतनं पळून आला तेव्हा बडवला आणि शेवटी काहिलीपाशी आणून उभा केला. पोरगा कामाला वाईट नव्हता, पण नजर ठिकाणावर नाही. केरातले सोन्याचे कण बघायचं बापाचं भिंग घ्यायचा, पट्टी उन्हात धरायचा आणि एकेक चित्र बघत बसायचा. सुलतानबी, म्हणजे निसारची बायको, म्हणायची, "राहू द्या की वो. बघून काय चांदी कमी हुतीया व्हय?"

चौसष्ट साली मुंबईहून एक लॉट आला. त्यात आठ डबे वेगळेच निघाले, वर परक्या देशाची अक्षरं, आकडे तेवढे वाचता येत होते, एक ते आठ. करीमनं पहिला डबा उघडला, भिंग लावलं आणि दोन मिनिटांत आडवा पडून हसायला लागला. पट्टीत एक बारकुडा माणूस होता. फ्रान्सचा, ते पुढं कळलं. आखूड पँट, डोक्याला चपटी टोपी आणि पाठीवर एक अख्खं दार. त्याच्या घराचं दार. ते घेऊन तो गावातनं कुठंतरी निघाला होता. दमला की दार रस्त्यात उभं करायचा आणि कपाळ पुसायचा. की लोक यायचे आणि त्या मोकळ्या दाराशी अदबीनं थांबायचे! कुणी पाय पुसायचं, कुणी टोपी काढायचं, दार उघडून पलीकडं जायचं आणि परत नीट लावून घ्यायचं. एक कुत्रं तर नुसतं बसून राहिलेलं, दार उघडायची वाट बघत. बाजूनं सगळा रस्ता मोकळा होता, तरी.

"भाई, ही काहिलीत न्हाई घालायची," करीम म्हणाला.

"मग काय, ताबुतावर बांधायची?"

शेवटी सुलतानबीनं मध्ये पडून तह केला. लॉट फुटायचा नाही, पण दर शुक्रवारी, नमाजानंतर काहिल थंड असते तेव्हा, करीमनं एक डबा बघायचा. बघितलेला डबा शनिवारी काहिलीत. करीम कबूल झाला. दुसरा एखादा असता तर एका दिवसात आठ डबे उलगडून बसला असता. हा शहाणा पुरवून-पुरवून बघायला लागला, आईनं दिलेला लाडू खावा तसा.

आणि नुसता बघायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी न्हाणीघराचं पत्र्याचं दार बिजागरीतनं काढायचा, पाठीवर घ्यायचा आणि अंगणात तो डबा करून दाखवायचा. तीच चाल, टाच आधी टेकायची आणि मग काहीतरी आठवल्यासारखं थबकायचं. आळीतली बाया-माणसं भिंतीवरनं बघायची. सुलतानबी पदर तोंडात कोंबून हसायची. निसार मुशीकडं बघत राहायचा. "न्हाणीचं दार मोडलंस तर तुझी हाडं मोडीन," एवढंच बोलायचा.

सात शुक्रवार असे गेले. सातव्या डब्यात तो माणूस समुद्राच्या रस्त्याला लागला. लांब, वाळूत, एक पांढरं घर दिसायला लागलं, त्याच्या चौकटीत दार नव्हतं. तिथं डबा संपला. करीमला आठवडाभर अन्न गोड लागेना. "भाबी, पोचंल का गं त्यो? आत कोन आसंल?" दिवसातनं दहा वेळा.

पण शनिवारच्या आतच मोहरमचा चाँद होणार होता. झारेकऱ्याच्या घरात मोहरमचे दहा दिवस भट्टी पेटत नाही, बापाचा नियम. आणि अर्धा लॉट मुशीत घालायचा नाही, हाही बापाचाच नियम. अर्ध्या लॉटानं बरकत जाते. गुरुवारी दुपारी करीम गंगावेशीला सोडा आणायला गेला होता. निसारनं काहिलीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. सात डबे बघून झालेत, आठव्यात काय मोठं सोनं लागून गेलंय? त्यानं झाकण उघडलं, रीळ मोकळं केलं आणि उकळत्या पाण्यात सोडलं.

यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. निसारही तेच म्हणाला, मनाशी.

करीम आला तेव्हा पट्ट्या दोरीवर होत्या. ऊन त्यांच्यातनं आरपार जात होतं. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली, रिकामा डबा उचलून आकडा बघितला. भिंग घेतलं आणि एक पट्टी हातात धरून चौकोन-चौकोन बघायला लागला. पहिला कोरा. दुसरा कोरा. तिसरा कोरा. माणूस मेलेल्याची नाडी बघतो तसा. सुलतानबीनं हाक मारली तरी त्याचं चाललेलंच. मग त्यानं विचारलं, अगदी हळू,

"भाई, त्यो दार घिऊन कुटं गेला?"

निसारला आतून लागलं होतं. आणि लागलं की त्याला राग यायचा, हा त्याचा जन्माचा दोष.

"माझ्या चुलीत गेला!" तो ओरडला.

करीमनं पट्टी परत दोरीवर टाकली, सुरकुती न पडू देता. त्या दिवसापासनं तो निसारशी बोलला नाही.

बोलला नाही म्हणजे नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सतरा वर्षं! अंगण एक, नळ एक, न्हाणी एक. अंगणाच्या अलीकडच्या खोल्यांत निसार, पलीकडच्या खोलीत करीम. शिरोलीला फौंड्रीत तो कामाला लागला. लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. सुलतानबीशी बोलायचा, आळीत थट्टामस्करी करायचा, पण निसार समोर आला की त्याची नजर अशी पलीकडं जायची, जणू मध्ये कुणी नाहीच. ईदेला गळाभेट व्हायची, तीही मुक्यानं. मेलेलं भूत धुपानं, ताइतानं उतरतं. जिवंत भुताला काय करायचं? ते सकाळी नळाला तुमच्या मागं उभं असतं.

आणि दुसरं भूत निराळंच. मोहरम उलटल्यावर चारेक महिन्यांनी, एका दुपारी, निसारच्या दारावर थाप पडली. ठक, ठक. मग जरा थांबून, आठवल्यासारखी, आणखी एक. ठक. त्यानं दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं. पाचसहा महिन्यांनी पुन्हा. कायम दुपारीच, सुलतानबी नळावर असताना. पोरांचा चावटपणा म्हणून त्यानं एकदा दाराआड दांडकं घेऊन वाट बघितली. थाप पडल्या-पडल्या दार ओढलं, आळी पार कोपऱ्यापर्यंत मोकळी, ऊन तेवढं पडलेलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? पण त्यानंतर रिळं धुणं त्यानं बंद केलं, काहिल पालथी घातली. काचेच्या कोऱ्या तावदानाकडं बघायचं झालं तर तो तोंड फिरवायचा. कोऱ्या जागेत कुणीतरी उभं राहून गेल्यासारखं वाटायचं त्याला, आणि मग रात्रभर छातीवर दगड.

एक्याऐंशी साली, दिवाळी होऊन गेल्यावर, गुजरीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात निसार बशीत चहा ओतत होता. समोरच्या भिंतीवर नवा कागद चिकटवलेला. फिल्म सोसायटीचा रविवारी सकाळचा खेळ. खाली चित्र. आखूड पँट, चपटी टोपी, पाठीवर दार.

चहा बशीतनं पँटवर सांडला, त्याला कळलंही नाही. पोळलं तेव्हा कळलं.

घरी येऊन त्यानं सुलतानबीला सांगितलं, "त्येला सांग. त्येचा दारवाला आलाय. रविवारी. म्हणावं, जाऊया."

सुलतानबी अंगण ओलांडून गेली आणि तशीच परत आली. "म्हन्तोय, जावा म्हणावं तुमी. त्येला अर्धा बगून पुरं झालंय."

"मी जातो मग," निसार म्हणाला. "शेवट बघून येतो. शेवट आणून दिला त्येला, तर बोलंल का गं?"

सुलतानबीनं त्याच्याकडं बघितलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, हात रसायनानं तपकिरी झालेले आणि डोळ्यांत पाणी. "बोलंल की," ती म्हणाली. तिला तरी काय माहीत?

रविवारी थिएटरच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, बाळासो म्हणून कॉलेजातले मास्तर, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. "पावणं, मेंबर हाय का?"

"न्हाय."

"मग कसं सोडू? मेंबरांनाच हाय."

"सायेब, सतरा वर्सांखाली ह्यो पिच्चर माझ्या हातनं गेलाय."

बाळासोंना वाटलं, म्हातारा कुठंतरी ऑपरेटर असणार. त्यांनी त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मग पडद्यापुढं उभं राहून भाषण केलं. हा माणूस फार मोठा, एका शब्दाशिवाय हसवणारा, पण आपल्याला फार उशिरा कळला, आपण कमनशिबी. निसारच्या मनात आलं, आमच्या अंगणात तर चौसष्ट सालीच कळला होता. एकट्याला.

अंधार झाला आणि पडद्यावर करीम आला.

अल्ला शपथ, करीमच! तीच टाच, तेच थबकणं, कपाळ पुसताना कोपर वर जायचं ते तेवढंच. नाही, करीम त्याच्यासारखा होता, हे निसारला कळत होतं. पण डोळ्यांना कोण समजावणार? पोरानं हलतं चित्र एकदाही न बघता, कोऱ्या उन्हात एकेक चौकोन बघून, ती चाल जशीच्या तशी उचलली होती. सगळं थिएटर हसत होतं. मागचा एक जाडा गृहस्थ तर खुर्चीवर आपटत होता. निसारला पुढचा प्रत्येक प्रसंग आधीच माहीत होता, सातही शुक्रवार त्यानं मुशीकडं बघत डोळ्यांच्या कोपऱ्यातनं बघितले होते. आता कुत्रं येईल, कुत्रं आलं. आता पोलीस टोपी काढेल, काढली. असला भाऊ होता माझा, असला! आणि मी त्याला न्हाणीचं दार मोडशील म्हणून दम देत होतो.

मग त्या माणसानं दार रस्त्यात उभं केलं, मागं सरला आणि स्वतःच्याच दारावर थाप मारली.

ठक, ठक. जरा थांबला, काहीतरी आठवल्यासारखा. ठक.

 निसारनं खुर्चीचे हात घट्ट धरले. भिंगातनं बघितलेल्या पट्टीला आवाज नव्हता. करीमलाही हा आवाज माहीत असायचं कारण नव्हतं. मग सतरा वर्षं दुपारचं त्याच्या दारावर कोण येत होतं?

समुद्राचा रस्ता आला. वाळू आली, लांबचं पांढरं घर आलं. निसार पुढं सरकला, श्वास धरून. आता. आणि पडद्यावर एकदम आगगाडी! तो माणूस डब्यात बसलाय, पाठीवर काही नाही, खिडकीतनं बाहेर बघून हसतोय. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

"थांबा!" निसार उभा राहून ओरडला. "ओ ऑपरेटर! एक डबा ऱ्हायलाय! आठवा डबा लावा की!"

लोक हसायला लागले. बाळासो धावत आले. "पावणं, पिक्चर एवढाच हाय."

"न्हाय वो. घर येतंय की म्होरं!"

बाळासो थबकले. त्यांनी निसारला बाजूला घेतलं. "तुम्हांला कसं ठाऊक? ते खरं हाय. पहिल्यांदा पिक्चर मोठा होता. पण हसणारे शेवटाला हसंनात, म्हणून त्यानं स्वतःच शेवट कापला आणि आगगाडी जोडली. जुन्या प्रती गोळा करून मोडीत काढल्या. मग म्हातारपणी जीव लागला त्याला त्या शेवटाचा. देशोदेशी पत्रं घातली, एक तरी प्रत द्या म्हणून. न्हाय मिळाली. गेल्या साली वारला. जगात कुठंच न्हाय आता तो शेवट."

निसारनं आपले हात बघितले, सुलटे आणि उलटे.

"एक हुती," तो म्हणाला. "ह्या हातांनी धुतली."

बाळासो आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी निसारचा दंड धरला. "धुतली? पण बघितलं असंल की तुम्ही! काय होतं त्यात? सांगा, काय होतं?"

आणि इथं निसारला रडू फुटलं, चारचौघांत, हमसून. "न्हाय बघितलं, सायेब. मान वर करून बघितलंसुदिक न्हाय!"

थिएटरातनं तो चालत निघाला. रस्ता कुठला, माणसं कोण, काही दिसत नव्हतं. आठवायचं, आठवायचं, डोक्याला दुसरं काम नव्हतं. गुरुवारची दुपार. वाफ. दांडकं. एकदा पट्टीचा एक वेटोळा दांडक्याला अडकून वर आला होता, तो त्यानं झटकून खाली ढकलला. ढकलताना काही दिसलं होतं का? पांढऱ्यात उभं काळं काही? दार असेल, माणूस असेल, नाहीतर वाफ. सतरा वर्षं त्यानं ते आठवायचं टाळलं आणि आता आठवायला बसला तर हातात कोरी पट्टी.

तो अंगणात आला तेव्हा सुलतानबी नळावर भांडी घासत होती. तिनं तोंडाकडं बघितलं आणि घासणं थांबवलं. निसार स्वतःच्या खोलीकडं गेला नाही. अंगण ओलांडून तो पलीकडच्या दाराशी गेला. सतरा वर्षांत त्यानं त्या दाराला हात लावला नव्हता. दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून करीम आत आवरत होता, जेवणाच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

निसारनं थाप मारली. ठक, ठक. थांबला. ठक.

आतला आवाज बंद झाला.  मग दार उघडलं. करीमचे कानशिलावरचे केस पांढरे झालेले इतक्या जवळून निसारनं पहिल्यांदा बघितले. करीमची नजर नेहमीसारखी त्याच्यातनं आरपार गेली आणि तो दार लोटायला लागला.

"त्यो पोचला, करीम," निसार म्हणाला.

दार थांबलं.

"घर गावलं त्येला. वाळूतनं गेला वढत-वढत. दार चौकटीत बसवलं. बसलं बग, झ्याक."

 करीमचा आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

"मग?"

सुलतानबीच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि गडगडत गेलं.

"मग... मग टोपी काढली. पाय पुसलं. आन आपल्याच दारावर थाप मारली."

"आत कोन हुतं?"

निसारनं तोंड उघडलं. जन्मभर त्यानं चांदीत भेसळ केली नाही, गुजरीत कुणीही सांगेल. 

"भाऊ हुता त्येचा," तो म्हणाला. "आत त्येचा थोरला भाऊ हुता. लई दिस वाट बघत बसलेला."

करीम बघत राहिला. आरपार नाही, निसारकडं, त्याच्या तपकिरी हातांकडं, तोंडाकडं.

"खोटं हाय," तो म्हणाला.

"व्हय," निसार म्हणाला. "खोटं हाय. म्या बघितलंच न्हाई. माझ्या हातनं गेलं रं."

दाराला धरलेला करीमचा हात खाली आला. तो बाजूला सरला.

"पाय पुसून ये आत," तो म्हणाला. "आन पयल्यापास्नं सांग."

उंबऱ्यापाशी पोतं टाकलेलं होतं. निसारनं त्यावर पाय पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि तो आत गेला.